दिवाणजींची वही, ॲडमिनचा पडदा

गिऱ्हाइकांच्या याद्या साफ करण्याचं काम ज्यांच्या वाट्याला येतं, त्यांची बेळगावशी लवकर गाठ पडते. एकच गाव यादीत चार-पाच रूपांनी हजर असतं. कुणी 'बेळगाव' लिहितं, कुणी डोक्यावर अनुस्वार देऊन 'बेळगांव', कुणी साहेबी थाटाचं 'बेलगाम', कुणी सरकारी 'बेळगावी'. आणि एखादा पठ्ठ्या गाव बरोबर लिहून राज्याच्या रकान्यात महाराष्ट्र निवडतो. ही शेवटची नोंद हात चुकून झाली की हट्टाने केली, हे पुण्यात किंवा बंगळुरूत पडद्यासमोर बसलेल्या माणसाला कळायला मार्ग नसतो. तो स्वतः निपाणीकडचा असेल तर गोष्ट वेगळी. तो गालात हसतो आणि रकाना दुरुस्त करतो. पगार त्याचाच मिळतो.

१ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटकाने बारा शहरांची नावं बदलली, त्यात बेळगावचं बेळगावी झालं. ही दोन्ही नावं एकाच गावाची आहेत हे माणसाला सांगावं लागत नाही. संगणकाला मात्र ती दोन गावं वाटतात, म्हणून दोन पत्ते, म्हणून दोन गिऱ्हाइकं. मग उद्यमबागेतल्या एकाच कारखानदाराला एकाच सकाळी एकाच कंपनीचे दोन फोन जातात आणि दोघं दोन वेगळे भाव सांगतात. अशा जोडनोंदी हुडकून एक करणं हा सीआरएम नावाच्या धंद्यातला रोजचा, कंटाळवाणा आणि अत्यंत महत्त्वाचा भाग आहे.

सीआरएम म्हणजे कस्टमर रिलेशनशिप मॅनेजमेंट. नाव भारदस्त, पण काम जुनंच, गिऱ्हाईक सांभाळण्याचं. कुणी काय नेलं, कधी नेलं, किती येणं आहे, मागच्या खेपेला तक्रार काय होती, पुढचा फोन कधी करायचा, हे सगळं एका जागी लिहून ठेवायचं आणि विकणाऱ्याला वेळेवर दाखवायचं. त्यासाठी लागणारी सॉफ्टवेअर बसवणारे, वळवणारे, दुरुस्त करणारे हात आज बेळगाव-निपाणी पट्ट्यातूनही जातात. बेळगावात गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९७९ मध्ये सुरू झालं, १९९८ मध्ये विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय आलं; आणि निपाणी तर पुणे-बंगळुरू हमरस्त्यावरच वसलेली. रात्री गाडीत बसलं की सकाळी एकीकडे पुणं, दुसरीकडे बंगळुरू. ही मुलं जो धंदा करतात तो त्यांच्या आजोबांच्या गावात संगणक येण्याआधी कसा चालत होता, हे मात्र त्यांच्या प्रशिक्षणाच्या पुस्तकात नसतं.

तो चालत होता दिवाणजींच्या जिवावर.

अडत्याच्या पेढीवर मालक लोडाला टेकून बसलेला असायचा. त्याच्या बाजूला, जरा खालच्या अंगाला, तिरप्या मेजावर वही घेऊन दिवाणजी. दिवसभराची देवघेव रोजकीर्दीत उतरायची. रात्री किंवा दुसऱ्या दिवशी तीच खतावणीत, म्हणजे ज्याची त्याच्या नावावर, चढायची. एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला नावे. जुन्या वह्या मोडीत. मोडीचं वळण असं की एका घरचा कारकून दुसऱ्या घरची वही धडाक्याने वाचेलच याची खात्री नाही. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा, पाडव्याला नवी वही. हळदीकुंकवाची बोटं लागलेलं पहिलं पान कोरं सोडून पुढच्या पानावर जुन्या बाक्या ओढायच्या. सॉफ्टवेअरवाले जुन्या यंत्रणेतला माल नव्यात हलवताना 'मायग्रेशन' म्हणतात आणि त्यासाठी सहा महिन्यांचा आराखडा करतात. दिवाणजी ते दर दिवाळीत दोन रात्रींत उरकायचे. अर्थात त्यांची गिऱ्हाइकं शेकड्यांत होती, लाखांत नव्हती, हेही खरं.

वहीत नाव, गाव आणि रक्कम. बाकी सगळं डोक्यात. एकाच गावात एकाच नावाचे चार शेतकरी, त्यांतला मळ्यातला कोणता आणि वेशीजवळचा कोणता. कुणाच्या मुलीचं लग्न वैशाखात आहे म्हणून तो माघातच उचल मागायला येईल. कुणाचे दोन भाऊ वेगळे निघालेत, तेव्हा जुनी बाकी कुणाच्या नावावर ओढायची. हे कानडी, मराठी, हिंदी अशा तिन्ही भाषांत चालायचं. चिकोडीकडचा शेतकरी कानडीत भाव विचारणार, कागलकडचा मराठीत, पानाचा किंवा बारदानाचा व्यापारी हिंदीत. नावाची तर तऱ्हाच निराळी. मराठी माणूस स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, मग आडनाव सांगतो. कानडी मुलखात पुष्कळदा गावाचं किंवा बापाचं आद्याक्षर आधी येतं आणि आडनावाचा पत्ताच नसतो. अमेरिकेत बनलेल्या फॉर्मवर 'पहिलं नाव' आणि 'शेवटचं नाव' असे दोनच रकाने असतात आणि दुसरा भरल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. या सक्तीपायी किती बापांची नावं आडनावं होऊन बसली आहेत, ते याद्या साफ करणाऱ्यांना विचारावं.

दिवाणजींच्या डोक्यातल्या या ऐवजाला मालक जपत असे आणि थोडा भीतही असे. दिवाणजी फुटला, समोरच्या पेढीवर जाऊन बसला, की वही मागे राहायची आणि गिऱ्हाइकं त्याच्या मागून जायची. आजच्या कंपन्यांतलं सर्वांत जुनं रडगाणं नेमकं हेच आहे. विक्रीवाला सीआरएममध्ये माहिती भरत नाही. भरतो तेव्हा त्रोटक भरतो, महिनाअखेरीला साहेब ओरडल्यावर भरतो. सॉफ्टवेअर बसवणारे याला आळस म्हणतात. तो बहुतेकदा आळस नसतो. गिऱ्हाइकाची ओळख ही त्याची कमाई आहे. ती कंपनीच्या वहीत उतरली की उद्या त्याच्याशिवाय कंपनीचं अडत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

बेळगावच्या इतिहासात गिऱ्हाईक सांभाळण्याचा एक वेगळाच धडा आहे, आणि तो पेढीवरचा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, जन्म १८६९ चा. चित्रकार व्हायला मुंबईला गेले, रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून ते सुटलं, मग यंत्रांची रेखाचित्रं शिकवण्याची नोकरी. १८८८ मध्ये त्यांनी आणि बंधू रामूअण्णांनी बेळगावात सायकलींचं दुकान थाटलं. सायकल तेव्हा नवलाईची वस्तू. ती विकून भागत नसे, घेणाऱ्याला चालवायलाही शिकवावी लागे. रामूअण्णा ते काम करत. विक्रीनंतरची सेवा म्हणून आज जिची वेगळी खाती उघडली जातात, ती बेळगावच्या रस्त्यावर गुडघे फोडून घेणाऱ्यांच्या मागे धावत सुरू झाली होती.

सायकलीनंतर कडबा कापायचं यंत्र आलं आणि मग लोखंडी नांगर. नांगर खपेना. लोखंडाने जमीन विटाळते, नासते, अशी समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली, ही हकीकत किर्लोस्करांच्या घरातूनच सांगितली गेली आहे. नांगरात खोट नव्हती. शेतकरी आणि कारखानदार यांच्यात बोलणंच नव्हतं. पुढे नगरपालिकेला जागा हवी झाली आणि कारखान्याला बेळगाव सोडावं लागलं. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले, कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ मिळाला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावाकडे एका रस्त्याला किर्लोस्करांचं नाव राहिलं.

शेतकऱ्याशी बोलण्याचा तो प्रश्न सोडवायला घेतला पुतण्याने. शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजे मराठी वाचकांचे शंवाकि. कारखान्याच्या जाहिराती त्यांच्याकडे होत्या, हातात कुंचला होता. १९२० मध्ये त्यांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं ते मासिक-साहित्याच्या हौसेने नाही. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत आणि एजंटांपर्यंत जावी म्हणून. आजच्या भाषेत ते कंपनीचं न्यूजलेटर होतं, जे आपल्यापैकी बहुतेकजण न उघडता पुसून टाकतात. शंवाकिंचं लोकांनी पुसलं नाही. नांगराच्या माहितीशेजारी त्यांनी उद्योग, प्रवास, आरोग्य, समाजसुधारणा असा मजकूर घालायला सुरुवात केली आणि वाचणाऱ्याला आपण गिऱ्हाईक आहोत याचा विसर पडला. पुढे 'खबर' गळून नुसतं 'किर्लोस्कर' राहिलं, १९३० मध्ये 'स्त्री' आलं, १९३४ मध्ये 'मनोहर'. मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्यांची वैचारिक घडण ज्या मासिकांनी केली, त्यांचं मूळ गिऱ्हाइकांना धरून ठेवण्याच्या खटपटीत आहे. सीआरएमच्या जगात यशाच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या जातात. नांगर विकायला काढलेल्या कागदातून वाङ्मय निघाल्याची दुसरी गोष्ट दाखवायला मिळणं कठीण.

निपाणीची गोष्ट मात्र याच्या अगदी उलट्या अंगाने जाते. तिथे माल घेणारा मोठा आणि देणारा लहान. विडीच्या तंबाखूचं हे गाव. आसपासच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात रोपं लागायची, हिवाळा सरता सरता कापणी, उन्हात वाळवणं, आणि शिमग्याच्या आगेमागे माल निपाणीच्या वखारींत. शेतकरी व्यापाऱ्याच्या वहीत होता, त्याच्या नावाचं खातं होतं. पण ते खातं त्याने कधी पाहिलेलं नसायचं.

गंमत अशी की एके काळी या शेतकऱ्याची सरकारी नोंद देशातल्या इतर बहुतेक शेतकऱ्यांपेक्षा कडेकोट होती. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, इंग्रज सरकारने तंबाखूवर अबकारी कर बसवला. कर बसला तशी वही आली. किती जमिनीत लावण, किती माल निघाला, कुठे साठवला, कुठून कुठे हलवला, या प्रत्येक पायरीला कागद. घरातली तंबाखू वखारीत न्यायची तरी परवाना. स्वातंत्र्यानंतरही हे चालू राहिलं. शेवटी १९७९ च्या अर्थसंकल्पात चरणसिंगांनी कच्च्या तंबाखूवरचा कर काढून टाकला आणि इन्स्पेक्टरचा जाच संपला. जाच संपला हे बरंच झालं. पण शेतकरी आणि व्यापारी यांच्या व्यवहारात तिसरं कुणीतरी आकडा लिहीत होतं, तेही त्याबरोबर गेलं. राहिली एकच वही, वखारीतली.

शेतकऱ्यांच्या तक्रारी काही नव्या नव्हत्या. भाव व्यापारी सांगेल तो. वजनात सूट धरायची, नमुन्यादाखल माल काढायचा. माल आज न्यायचा आणि पैसे सवडीने, हप्त्याहप्त्याने द्यायचे. त्या मधल्या महिन्यांचं व्याज कुणी कुणाला द्यायचं हा प्रश्न विचारायचीच सोय नाही, कारण उचल घेतलेली असायची आणि तिचं व्याज मात्र चालू असायचं.

१४ मार्च १९८१ ला हे शेतकरी हमरस्त्यावर येऊन बसले. पुणे-बंगळुरू वाहतूक थांबली. बैलगाड्या, बायकापोरं, चुली, भजनं. रस्त्यावर गावच वसलं आणि त्याला 'आंदोलननगर' हे नाव पडलं. नेते शरद जोशी. त्यांचा पूर्वेतिहास या लेखाच्या विषयाशी विलक्षण जुळणारा आहे. शेतकरी संघटना काढण्याआधी जोशी भारतीय टपाल खात्यात अधिकारी होते, आणि त्यानंतर स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथे, जागतिक टपाल संघटनेच्या कचेरीत, माहिती-प्रणाली विभागाचे प्रमुख. १९७० च्या दशकात संगणकांवर नोंदी ठेवण्याचं काम पाहणारा हा माणूस. ते सोडून चाकणजवळच्या आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली आणि स्वतःच्या शेताचा जमाखर्च मांडला. शेती तोट्यात का, याचं उत्तर त्यांना त्या वहीत सापडलं. उत्पादन खर्च हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडी बसवणं ही त्यांची खरी कामगिरी. म्हणजे व्यापाऱ्याच्या वहीसमोर शेतकऱ्याची वही उघडून ठेवणं.

तेवीस दिवस रस्ता त्यांच्या ताब्यात होता. ६ एप्रिलला पोलिसांनी आंदोलननगर मोडून काढलं, गोळीबार झाला आणि बारा शेतकरी ठार झाले. कर्नाटकात तेव्हा गुंडूराव यांचं सरकार होतं. निपाणीत आजही ६ एप्रिलला हुतात्म्यांना अभिवादन होतं. सीमेच्या दोन्ही बाजूंचा, दोन्ही भाषा बोलणारा शेतकरी त्या रस्त्यावर एकत्र बसला होता, ही गोष्ट सीमाभागाच्या इतिहासात जेवढी सांगितली जायला हवी तेवढी सांगितली जात नाही.

त्याच वखारींच्या आत आणखी एक हिशोब तुंबला होता. तंबाखू चाळणाऱ्या, निवडणाऱ्या बायका. खाटेने घसा धरलेला, तोंडाला फडकं बांधलेलं, दिवसभर ओणव्याने काम. घराघरांत विड्या वळणाऱ्या तर कुठल्याच छपराखाली नव्हत्या. पानं आणि तंबाखू मोजून न्यायची, हजाराच्या हिशोबाने विड्या आणून द्यायच्या, आणि त्यांतल्या किती नापास हे घेणारा ठरवणार. १९६६ चा विडी-सिगार कामगार कायदा आणि १९७६ चा कल्याण निधी कायदा झाला तरी त्या बाईला कामगार म्हणून सिद्ध करायला कागद लागायचा आणि कागद द्यायला मालक राजी नसायचा. इथे प्रश्न उलटा होता. शेतकऱ्याचं नाव वहीत होतं पण वही त्याला दिसत नव्हती. हिला आपलं नाव कुठल्यातरी वहीत लिहिलं जावं, एवढंच हवं होतं. निपाणीच्या कॉलेजात शिकवणारे सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने या बायकांची संघटना उभी राहिली. त्यांच्या लढ्यावर 'युगांतर' या गटाने, दीपा धनराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९८२ मध्ये माहितीपट केला: 'तंबाखू चाकीला ऊब आली'. त्यात वखारीतल्या बायका स्वतःच आपलं काम दाखवतात, आपलं म्हणणं मांडतात. आता तो जगभरच्या चित्रपट-अभ्यासात दाखवला जातो. निपाणीत किती जणांनी पाहिला असेल?

बेळगाव शहराने दरम्यान लोखंडाची वाट धरली होती. उद्यमबागेत आणि मच्छेच्या वसाहतीत भट्ट्या, लेथ, हायड्रॉलिक्स. या मालाचं गिऱ्हाईक पेढीवर चालत येत नाही. ते पुण्यात, चेन्नईत, फरिदाबादेत बसलेलं असतं आणि नमुना, तपासणी, मुदत यांवर नातं टिकतं. सुरेश हुंदरे यांच्या पॉलिहायड्रॉनचं नाव उद्योगजगतात झालं ते चोख आणि उघड्या व्यवहारासाठी. पेढीवरच्या झाकल्या वहीच्या मुलखात हे अप्रूपच.

वहीचा संगणक झाला तो मात्र हिशोबाच्या दाराने. १९८६ मध्ये बंगळुरूत श्यामसुंदर गोयंका आणि त्यांचे चिरंजीव भरत यांनी जे सुरू केलं, ते पुढे 'टॅली' नावाने गल्लोगल्ली गेलं. दिवाणजी निवृत्त झाले. त्यांच्या खुर्चीवर टॅली येणारी मुलगी किंवा मुलगा बसला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर टॅलीवाचून दुकान चालवणं जड झालं. पण टॅलीत येणं-देणं असतं. गिऱ्हाइकाच्या घरचं लग्न नसतं. दिवाणजींच्या डोक्यातला निम्मा ऐवज टॅलीने घेतलाच नाही; त्यासाठी दुसरी वही लागणार होती.

ती अमेरिकेत तयार होत होती. टॉम सिबेल यांनी १९९३ मध्ये सिबेल सिस्टिम्स काढली आणि मोठ्या बँका, फोन कंपन्या यांच्या विक्रीखात्यांना ते सॉफ्टवेअर विकलं. २००० च्या आसपास पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांत 'सिबेल येतं का?' हा नोकरीच्या मुलाखतीतला प्रश्न असे. दरम्यान मार्क बेनिऑफ यांनी १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सेल्सफोर्स सुरू केली. सॉफ्टवेअर विकत घेऊ नका, इंटरनेटवरून भाड्याने वापरा, ही त्यांची जाहिरात. सिबेल २००५ मध्ये ओरॅकलने सुमारे ५८५ कोटी डॉलरला विकत घेण्याचा सौदा केला. सेल्सफोर्स वाढत राहिली. त्याच २००५ मध्ये श्रीधर वेंबू यांच्या कंपनीने झोहो सीआरएम आणलं आणि लहान दुकानदाराला परवडेल अशा भावात ही वही देशी घरातून मिळू लागली.

या सगळ्या सॉफ्टवेअरांत गिऱ्हाईक कंपनीच्या नोंदीला नाव आहे 'अकाउंट'. म्हणजे खातं. आठ हजार मैलांचा फेरा घेऊन शब्द पुन्हा दिवाणजींच्या मेजावर आला.

हे काम करणाऱ्यांची आता एक जात तयार झाली आहे. वरच्या पायरीला आर्किटेक्ट, मधे डेव्हलपर, आणि रोजचा गाडा ओढणारा ॲडमिन. ॲडमिन रकाने जोडतो, कुणाला काय दिसावं ते ठरवतो, विसरलेले पासवर्ड बदलून देतो, जोडनोंदी एक करतो. सेल्सफोर्सच्या ॲडमिन परीक्षेत कैक वर्षं साठ प्रश्न आणि १०५ मिनिटं, असा ठरलेला साचा होता. अभियांत्रिकी सोडा, वाणिज्य शाखेचा पदवीधरही ती पास होऊन या धंद्यात शिरू शकतो. म्हणूनच पेठांमधल्या मुलांना हे दार मोठं वाटतं. २०१४ पासून कंपनीने 'ट्रेलहेड' नावाची फुकट शिकवणी चालवली आहे, धडा झाला की बिल्ला मिळतो आणि शंभर बिल्ल्यांनंतर 'रेंजर' ही पदवी. शहरोशहरी या लोकांचे गट आहेत, शनिवारी कुठल्यातरी कंपनीच्या सभागृहात जमतात, एकमेकांना नवं काय आलं ते दाखवतात, समोशाबरोबर नोकऱ्यांच्या खबरा वाटतात. आधी आलेला मागून येणाऱ्याला हात देतो. जुन्या पेढीवर पोरगा दिवाणजींच्या हाताखाली रुजू व्हायचा तो ओळखीनेच. इथेही पहिली संधी पुष्कळदा ओळखीनेच मिळते, परीक्षा त्यानंतर.

त्यांची पंचांगं मात्र तीन. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती वर्षातून तीनदा येते, वसंत, उन्हाळा आणि हिवाळा अशा अमेरिकी ऋतूंच्या नावाने. दर वेळी काहीतरी मोडतं आणि दुरुस्त करायला माणूस लागतो. गिऱ्हाइकाचं वर्ष ३१ डिसेंबरला संपतं. आपलं ३१ मार्चला. आणि घरी आई विचारते ते दिवाळीचं. अमेरिकी दुकानदारांची सणासुदीची विक्री नोव्हेंबरअखेर सुरू होते, त्यानंतर यंत्रणेला हात लावायला बंदी. म्हणून सगळे बदल त्याआधी, म्हणजे बरोबर दिवाळीच्या तोंडावर रेटले जातात. लक्ष्मीपूजनाच्या रात्री निपाणीच्या घरात वहीची पूजा चालू असताना माडीवर मुलगा कानाला हेडफोन लावून न्यूयॉर्कच्या सकाळशी बोलत बसलेला असतो. २०२० च्या टाळेबंदीत तर असे मुलगे-मुली महिनोन्‌महिने घरूनच काम करत होते आणि हे नेमकं काय करतात, हे घरच्यांना पहिल्यांदा समोर दिसलं. गिऱ्हाइकाचं नाव, नंबर, शेवटचं बोलणं, पुढची तारीख. पेढीवर उभं आयुष्य काढलेल्या म्हाताऱ्याला त्यात अनोळखी काय वाटणार?

एक रकाना राहिला, पिनकोडचा. ही सहा आकड्यांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. ती आखली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी टपाल अधिकाऱ्याने, जे संस्कृतातले कवी आणि नाटककारही होते. गावांच्या नावांचा आणि भाषांचा घोळ आकड्यांनी मिटावा हाच तिचा हेतू. कागल ४१६२१६ आणि निपाणी ५९१२३७. मधे वीसेक किलोमीटर आणि एक राज्यसीमा. महाजन आयोगाने १९६७ मध्ये निपाणी महाराष्ट्राला द्यावी आणि बेळगाव कर्नाटकातच राहावं असं सुचवलं. ते अमलात आलं नाही, महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. याद्या साफ करणारे यावर मत देत नाहीत. ते पिनकोड बघतात, ५९ ने सुरू झाला की राज्याच्या रकान्यात कर्नाटक टाकतात आणि पुढच्या नोंदीकडे वळतात. नाव बदललं तरी आकडा तोच राहतो, हे त्यांच्या दृष्टीने वेलणकरांचं उपकारच.

२०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा केला. कंपनीकडे आपली कोणती माहिती आहे हे विचारण्याचा, चूक असेल तर दुरुस्त करून घेण्याचा, नको असेल तर पुसून मागण्याचा हक्क त्यात माणसाला आहे. ॲडमिन मंडळींच्या कामात त्यामुळे आणखी एक भर पडली.

राहता राहिल्या जुन्या वह्या. निपाणीच्या बंद पडलेल्या वखारींच्या माळ्यांवर, बेळगावच्या रविवार पेठेतल्या, शहापुरातल्या जुन्या घरांत त्या अजून आहेत; लाल कापडी बांधणीच्या, कसर लागलेल्या, निम्म्या मोडीत. घर पाडायला काढलं की त्या आधी रद्दीत जातात. शंभर वर्षांत तंबाखूला काय भाव मिळाला, किती सूट कापली गेली, कुणाची बाकी किती पिढ्या ओढली गेली, हे इतर कुठल्याच कागदात नाही. ज्यांच्या घरी अशा वह्या असतील त्यांनी रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाला एक पत्र टाकावं. आणि तेही जमलं नाही तर घरातल्या ॲडमिनला सांगून निदान पानांचे फोटो तरी काढून ठेवावेत.